सामियाचं पान

अंगणवाडीत पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज फाटलाय, आणि टाकव्यात माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. तरी पितृपक्ष आला की चंपामावशीला आवतण येतंच, कारण आमचे हे अजून धडधाकट आहेत. अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची असते. मी जेवते, ओटी घेते, घरी येते. यंदा बयाबाईनं बोलावलं तेव्हा मात्र मी चमकले. तिच्या घरात नवऱ्याआधी गेलेली बाई कोण?

तर म्हणे, तिच्या पोराची, निवृत्तीची बायको. सामिया.

निवृत्ती फिटर माणूस. चाकणची नोकरी सुटली तेव्हा सुदानला फरशीच्या कारखान्यात गेला आणि तिकडंच रमला. ओमदुर्मान म्हणून शहर आहे, तिथल्या एका मास्तरणीशी लग्न केलं. झालं! बयाबाईनं आकाशपाताळ एक केलं. सून फोनवर मोडक्या मराठीत ‘आई’ म्हणाली की ही बाई फोन पदराखाली दाबून धरायची. वर्षानुवर्षं असंच चाललं.

तेवीस साली तिकडं लढाई पेटली. आपल्या सरकारनं आपली माणसं परत आणली, त्यात निवृत्ती आला. सामियाची कागदपत्रं झालेली नव्हती आणि तिची म्हातारी आई अंथरुणातून हलत नव्हती. तू हो पुढं, मी मागून येते, असं ती म्हणाली होती. गाव त्याला म्हणालं, सुटलास बाबा, घरी आलास. घरी कसलं डोंबलाचं! गडी गोठ्यात जाऊन रडायचा. त्याचं घर तिकडं राहिलंय, हे कुणाच्या टाळक्यात शिरेना.

मग त्यानं पिच्चर काढायला घेतला, मोबाइलवर. गोठ्याची एक भिंत तिकडच्या खोलीसारखी फिकट निळी रंगवली, सुंभाची खाट टाकली, शेगडीवर कॉफीचं भांडं ठेवलं. आणि चित्रण कशाचं, तर रिकाम्या खाटेचं. भाताच्या खाचरांवर धुकं दिसतंय आणि आवाज येतोय तिकडच्या गल्लीतल्या गाढवगाडीवाल्याचा. दिसते आपली आंदरा नदी आणि बोलते सामिया, तिनं फोनवर पाठवलेलं अरबी. तुंगार्लीच्या एका बंगल्यात असले वेगळे सिनेमे दाखवतात. तिथल्या रुचिर नावाच्या मुलानं त्याला तुकडे जोडायला शिकवलं. तिथं म्हणे लोक उठून उभे राहिले. आमच्या गावात देवळापुढं दाखवला तर सगळे फिदीफिदी हसले. पिच्चरमदी मानूसच न्हाई म्हणे!

मलाही कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पण एका जागी मी उठता उठता परत बसले. पडद्यावर नुसती रिकामी खाट, आणि निवृत्ती विचारतो, जेवलीस का? ती काहीतरी म्हणते. खाली मराठी अक्षरं येतात, ‘हो, आज जेवले.’ म्हणजे काल जेवली नव्हती पोरगी.

पिच्चर अर्धवटच होता. ती येऊन खाटेवर बसेल तेव्हा शेवट घेणार, असं तो सांगायचा. पण गेल्या दिवाळीपासून तिचा फोन बंद. तिकडचे शेजारी दहा दिशांना पांगलेले. ती आहे की नाही हे सांगायलाच कुणी उरलं नव्हतं.

आणि आता बयाबाईनं तिच्या नावाचं पान मांडलं होतं, पोराला न विचारता. खीर, वडे, अळूची भाजी, कशात कमी नाही. मी तिला चांगलं सुनावलं, की जिवंतपणी जिला उंबऱ्यात घेतलं नाहीस, तिला आता खीर-वडे होय? ती वाढत राहिली. शेवटी अन्नाकडं बघून मी पानावर बसले. पहिला घास उचलला तेवढ्यात निवृत्ती शेतातून आला. पान बघितलं, मला बघितलं, आणि सगळं उमगून तो दारातच थिजला.

“मावशी, घास घिऊ नका,” तो म्हणाला. “तुमी जेवला तर ती मेली.”

माझा हात तसाच राहिला. जेवावं तर त्याची बायको मी मारली, आणि उठावं तर पितरांच्या पानावरून उपाशी उठायचं. असला पेच माझ्या बापजन्मात मला कुणी घातला नव्हता.

बयाबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “निवृत्ती, जिती आसंल तर माज्या तोंडात माती पडू दे. यील तवा मी पाया धरीन तिचं. पन नसंल, आन आपुनबी वाढलं न्हाई, तर पोर तितंबी उपाशीच ऱ्हाईल की रं.”

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मलाही रडू आवरेना, पण खरकट्या हातानं डोळे कसे पुसणार? बऱ्याच वेळानं तो उठला, मोरीत हात धुतले, आईजवळची पळी घेतली आणि माझ्या पानापुढं येऊन बसला.

“जेवा, मावशी,” म्हणाला. “पोटभर जेवा.”

मी जेवले. तो वाढत राहिला, भात, खीर, पुन्हा भात, आणि मी एकदाही पुरे म्हटलं नाही.