शेवटचं प्रकरण मी बदललं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे दिवा लावतानासुद्धा मनात वर येऊ दिलं नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही पुस्तकं वाचणारे आहात म्हणून. निदान माझा राग तरी तुम्हाला कळेल. बाकीचं नाही कळलं तरी चालेल.

श्रीवर्धनला आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा मी विशीतली. हे शाळेत मास्तर होते. वाचनालयात मुंबईहून आगबोटीनं पुस्तकं यायची, त्यातलं एखादं हे माझ्यासाठी घरी आणत. दुपारी शेजारच्या राधाकाकूंच्या अंगणात बायका सुपारी सोलायला बसत आणि मी त्यांना वाचून दाखवी. त्यांचे हात चालत, माझं तोंड. पुढचं प्रकरण मी आधीच एकटीनं वाचून ठेवत असे — काही चावट निघालं तर गाळता यावं म्हणून.

त्या वर्षी एक रहस्यकथा आली. नाव सांगत नाही. त्या लेखकाला तेवढाही मान द्यायचा नाही मला.

इनामदाराची तरुण बायको तळ्यात मेलेली सापडते. नवरा म्हणतो, मी पुण्याला होतो. पण त्याची छत्री घरात, आणि ओली! बाईच्या मुठीत त्याच्या कोटाचं बटण. जुना गडी तिसऱ्या प्रकरणात काहीतरी सांगायला तोंड उघडतो — आणि लेखक त्याला विसरूनच जातो. पुस्तक संपलं तरी तो बिचारा तोंड उघडून उभा. आणि तो मुंबईचा गुप्तहेर! प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गालातल्या गालात हसायचा. कशाला हसतोस मेल्या? त्या हसण्याचा अर्थ लागेल म्हणून आम्ही सुपारीचे ढीगच्या ढीग सोलून काढले.

सोनूमावशी, काकूंकडे कामाला यायची, तिनं तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दादल्यानंच मारलीय तिला. सांगून ठेवतंय, मास्तरीणबाय. दुसरा कोन न्हाय."

मलाही तेच वाटत होतं. कुणालाही वाटलं असतं.

एका सकाळी भात चुलीवर ठेवून मी शेवटचं प्रकरण उघडलं. भात करपला, तरी मी वाचतच होते. खुनी कोण? नवऱ्याचा जुळा भाऊ. लहानपणी हरवलेला, आफ्रिकेतून परत आलेला, डोकं फिरलेला. त्याच्याकडेही तसाच कोट, तशीच बटणं. वर लेखक म्हणतो, 'चतुर वाचकांनी हे केव्हाच ताडले असेल.' काय ताडणार? कपाळ? तो माणूस तोवर पुस्तकात आलाच नव्हता! आणि नवरा दोन आसवं गाळून मेलेल्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी लग्न लावतो. गुप्तहेर त्या लग्नात जिलब्या खातो.

मी पुस्तक भिंतीवर फेकलं.

इथवर तुम्ही माझ्या बाजूनं असाल. आता पुढचं ऐका.

राधाकाकूंच्या पलीकडे विसुभाऊंची वाडी होती. नारळी-पोफळीची, भरल्या घराची. त्यांची बायको यमू आदल्या साली त्या वाडीतल्या विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. फौजदार आला, त्यानं आम्हा बायकांनाही विचारलं — काही ठाऊक आहे का? पुरुषमंडळी ओटीवर उभी होती. आम्ही माना हलवल्या.

मला ठाऊक होतं. यमूला पोहता येत होतं. माहेरी, हरिहरेश्वराकडच्या खाडीत ती भावांबरोबर पोहायची आणि आईचा मार खायची, हे तिनंच मला हसत हसत सांगितलेलं. पोहणारा माणूस विहिरीत मरत नाही का? मरतो. डोक्याला लागलं तर मरतो. हेही मला कळत होतं. पण मी दोन्हीतलं काहीच बोलले नाही — आणि हे मी सबब म्हणून सांगत नाही. तो भित्रेपणा वेगळा, हा गुन्हा वेगळा.

आता विसुभाऊंचं लग्न पुन्हा ठरत होतं. राधाकाकूंच्या कृष्णीशी. पोरगी पंधरा वर्षांची, आईशेजारी बसून सुपारी सोलायची आणि माझ्याकडे बघत ऐकायची.

त्या दुपारी मी पुस्तक उघडलं. जुळा भाऊ पानावर समोर होता. मी त्याला वाचलंच नाही.

मी गड्याला बोलायला लावलं. छत्री पुढे आणली. नवऱ्यानंच बायकोला पाण्यात ढकललं, असं सांगितलं. रागावलेला कुणीही वाचक एवढं करील, नाही का? पण मी तिथे थांबले नाही. विसुभाऊंना एक सवय होती — उत्तर देण्याआधी ते उजव्या कानाची पाळी चोळत. मी नजर पुस्तकात ठेवली आणि म्हटलं, "गुप्तहेरानं विचारलं, तुमच्या पत्नीला पोहता येत होतं ना? तेव्हा इनामदारानं कानाची पाळी चोळली."

अंगणातले हात थांबले.

"अगं बाय," सोनूमावशी म्हणाली, "ह्यो तं —" राधाकाकूंनी कृष्णीकडे पाहिलं. मग कुणाकडेच पाहिलं नाही.

रागाच्या भरात तोंडातून गेलं असं म्हणू? नाही गेलं. सकाळी करपलेला भात खरवडताना मी ते वाक्य मनात तीनतीनदा जुळवलं होतं. कृष्णी कुठे बसते, काकू कुठे बसतात, हे धरून जुळवलं होतं. शेवटची पानं मी त्याच संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत घातली आणि यांना सांगितलं, वाळवी लागली होती.

लग्न मोडलं. काकूंनी कारण दिलं, पत्रिका जुळत नाही. पण कारण गावभर झालं. बायका विसुभाऊंच्या वाडीवरून जाईनाशा झाल्या. म्हसळ्याचं एक स्थळ आलं, तेही परतलं.

एक दिवस ते आमच्या पडवीत आले. हे शाळेत होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"वहिनी, त्या पुस्तकात खरंच तसं लिहिलंय?"

"काय लिहिलंय?"

"कानाचं."

तेव्हा मागे फिरता आलं असतं. एक शब्द पुरला असता — नाही. ते रागावले नसते, असं मला आजही वाटतं. फार थकलेले दिसत होते.

"हो," मी म्हटलं. "छापलंय तसं."

"बघू?"

"पानं वाळवीनं खाल्ली."

त्यांचा हात कानाकडे गेला आणि मध्येच खाली आला. "बरं," म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले. पुढे वाडी खंडानं देऊन ते मुंबईला गेले. तिकडेच वारले. एकटे होते म्हणतात.

कृष्णीला दुसरीकडे दिली. तो नवरा काही सोन्याचा नव्हता. चारचौघांसारखा संसार झाला तिचा. तेव्हा मी तिला वाचवलं, असंही मला म्हणता येत नाही. कशापासून वाचवलं?

तुम्ही विचाराल, विसुभाऊंनी यमूला ढकललं होतं का? मला माहीत नाही. त्या दुपारीही माहीत नव्हतं. त्या लेखकानं निदान खोटा माणूस फासावर दिला. मी खरा दिला — माहीत नसताना, छापलेल्या पुस्तकाच्या नावावर.

आणि तेच पुस्तक पुन्हा हातात आलं, पुढ्यात तीच पोर बसलेली असली, तर मी जुळा भाऊ वाचणार नाही.