मुलुंडच्या तळ्यातली मरळ

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मे महिना. मुलुंडच्या डोंगराखाली फायरिंग रेंजवर आमचं सेक्शन गार्डला होतं. आता तिकडे सोसायट्या झाल्यात, तुम्हा सिव्हिलियन लोकांना सांगून पटायचं नाही. पहाटे पाचला हत्यारं घेऊन स्टँड-टू, मग दिवसभर पहारा. आधीच्या आठवड्यात मॉर्टरचा एक बॉम्ब रेंजवरच्या तळ्याच्या चिखलात पडला आणि फुटलाच नाही. अशाला आम्ही ब्लाइंड म्हणतो. पडताना मी पाहिला होता, म्हणून अंदाज घेऊन लाल झेंडी मीच रोवली. तो काढायला इंजिनियर्सची पार्टी यायची होती. चार दिवस झाले, येईचना.

तोवर तळं आटून भेगाळलं. बसून बसून डोकं फिरायची पाळी आली. कुठे दोन मिनिटं बूड टेकवेना.

नाईक गणपत मालवणकडचा. माझा सीनियर, पण दोस्तीत अरे-तुरे. तळं आटलं की मरळ मासळी चिखलात खोल शिरते, वर श्वासापुरतं भोक ठेवते आणि पाणी येईपर्यंत तशीच पडून राहते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. झेंडीपासून लांब खणून त्याने एके दिवशी दोन काढल्या. कालवण झकास झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो परत कुदळ घेऊन उतरला. मी काठावर.

"गणपत, पुरे रे. पार्टी येऊ दे आधी."

"गप रव! झेंडी थय, मी हय. ह्या भोक बघ, केवढा मोठा! मरळीचो बापूस आसतलो!"

मी हसलो. देवा रे, मी हसलो! वर म्हणालो, "काढ मग, सगळ्या सेक्शनला पुरेल."

माझी झेंडी पंधरा पावलं चुकली होती. ते भोक बॉम्बचं होतं.

दहा वीसला मी फील्ड टेलिफोन फिरवला.

"गार्ड पोस्ट. वन कॅज्युअल्टी. नाईक गणपत."

"कंडिशन?"

"गेला, साहेब."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी झेंडीचं सगळं सांगितलं. मेजरसाहेब म्हणाले, चिखलात अंदाज चुकतो. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही.

त्याची ट्रंक पोचवायला मीच गेलो. त्याच्या बायकोलाही झेंडीचं सांगितलं.  तिने विचारलं, "मासो तरी गावलो काय त्येंका?"

"सापडला, वहिनी. मोठा होता."

"बरा झाला," म्हणाली, आणि ट्रंक आत घेतली.