गंजीत हात घालणारे अण्णा

शेजारच्या रानातले अण्णा दिवाळीआधी रोज आमच्या गोठ्यात यायचे. आमच्या नव्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून गवताचा वास घ्यायचे. "कामून ओ?" विचारलं की म्हणायचे, "उगंच." म्हशीची वर्षभराची वैरण तेवढीच होती. आई म्हणायची, "डोळा हाय त्याचा."

एका सकाळी ते गंजी उपसून गवत बाहेर फेकताना दिसले. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"अण्णा, चोरी करायलाव का?"

"व्हय, दिवसाढवळ्या! शिकलास न्हवं? घाल हात आत."

घातला, तर चटका बसला. आम्ही ओलं गवत न वाळवताच रचलं होतं, ते आतून धुमसत होतं. आम्ही दोघांनी मिळून सगळं उन्हात पसरलं.

संध्याकाळी गवत परत आत नेल्यावर, सगळं कळूनही आईनं गोठ्याला कुलूप लावलं. मी तिला अडवलं नाही.