गंगूच्या पोटातली पूर्व

जनावरांच्या डॉक्टरला किस्से जमवावे लागत नाहीत. शेणासारखे चपलेला चिकटून ते आपोआप घरी येतात. मी तर जनावरांच्या हृदयाची डॉक्टर व्हायला निघालेली. त्यात दुष्काळाचं साल, चारा छावणीत ड्यूटी आणि सल्ला द्यायला टपलेली वडीलधारी मंडळी. चपलाच बदलाव्या लागल्या!

*

लातूरहून पाहुणे मला बघायला आले. बाबांनी घाबरून अर्धंच सांगितलं, "मुलगी हृदयरोगतज्ज्ञ व्हायलीय."

मुलाचे वडील एकदम खूष! शर्टाची वरची दोन बटणं सोडून म्हणाले, "बेटा, जिना चढताना लई दम लागतो. बघ की जरा."

मी म्हटलं, "बघते काका. पण मी गाई-बैलांची. आधी तुम्हाला दाव्याला बांधावं लागेल."

स्थळ गेलं. जिना मात्र काका एका दमात उतरले!

*

माझे गाईड बिराजदार सर. गाईच्या हृदयावर अख्खी हयात घालवलेला माणूस. मशीनवर मात्र काडीचा विश्वास नाही. "आमचे कान हेच आमचं मशीन," हे दिवसातून चारदा.

देगलूर रस्त्यावरच्या माळावर आमची छावणी होती. तिथं एका बैलाच्या छातीला हात लावून सर म्हणाले, "ऐकलं. एकदम ठणठणीत ठोके!"

स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात होता.

*

मी हट्टानं त्याच बैलाचा ईसीजी काढला. कागदाची लांबलचक पट्टी बाहेर आली. मी वही उघडायला वळले, तेवढ्यात बैलानं पट्टी ओढून खाल्ली. चारा कमी पडत होता, त्याची काय चूक?

सर म्हणाले, "चला, एका तरी पेशंटनं रिपोर्ट पोटात घेतला."

*

पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याच्यावाचून बाकीचं कळायचं नाही.

एका गाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तर आत पाणी हिंदकळत होतं. अर्धी भरलेली घागर डोक्यावर घेऊन कुणी चालावं, तसा आवाज. बाहेरून येणारा चारा तारेनं बांधलेला असायचा. घाईत कुऱ्हाडीनं तोडताना तारेचे तुकडे चाऱ्यात पडायचे. गाय न चावता गिळते. तार पोटातून सरकत शेजारच्या हृदयाला टोचते, मग हृदयाभोवती पू-पाणी साचतं.

बातमी पसरली आणि आवाज ऐकायला रांग लागली. टँकर चार दिवस आला नव्हता. सगळ्या माळावर पाणी वाजत होतं ते एवढ्या एकाच ठिकाणी.

सकाळी गाय मेली. आठवड्यातली दुसरी. आत बोटभर तार निघाली.

*

उपाय साधा होता. जनावराला लोहचुंबक गिळवायचं. ते पोटात बसून राहतं आणि तार धरून ठेवतं. चुंबक जागेवर आहे का, हे गाईच्या डाव्या कोपराजवळ होकायंत्र धरलं की कळतं, काटा वळतो. मी नांदेडहून पिशवीभर चुंबकं आणली. सही फक्त सरांची हवी होती.

"होकायंत्र घेऊन गाय तपासू? मी काय जहाजाचा कप्तान आहे?"

"सर, रोज तार पोटात जातेय!"

"कान आहेत ना आपल्याला!"

"कानाला कळतं तोवर गाय गेलेली असते, सर."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

*

छावणीतल्या लिंबाखाली महबूबचाचांची गाय गंगू बांधलेली असायची. जात लाल कंधारी, खायला अधाशी. चाचांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "बेटी, घाल चुंबक. सायबाची सही नको, माझा अंगठा घे. पण गंगूला काय झालं तर मी सायबाला इचारणार न्हाई. तुलाच इचारीन."

घातलं. सरांना न सांगता. त्या दिवशी माझा स्वतःचा ईसीजी काढला असता तर पट्टी पुरली नसती!

*

त्याच आठवड्यात आपला तालुका नवा जिल्हा होणार अशी हवा उठली. जाहीर काहीच नव्हतं, पण जिल्ह्यासाठी उभा जन्म निवेदनं दिलेले आप्पा मंडळी घेऊन माळावर हजर! कलेक्टर ऑफिस इथंच होणार, तेव्हा दाराची पूर्व आजच ठरवायची. हातात वास्तूचं होकायंत्र. सावली फक्त लिंबाखाली, म्हणून आप्पा गंगूच्या डाव्या अंगाला खेटून उभे राहिले.

काटा गर्रकन फिरला.

"ही पूर्व!" आप्पा ओरडले.

चाचा म्हणाले, "आप्पा, सूरज तर तिकडून उगवतो."

"तो जुन्या जिल्ह्याचा! तुम्ही नव्याचं यंत्र बघा!"

एकानं चुन्याची रेघ मारली. गंगू दोन पावलं पुढं सरकली. काटा वळला.

"पूर्व हलायलीय!" आप्पांना घाम फुटला. रेघ पुसली, दुसरी मारली. गंगू मागं आली. तिसरी मारली.

पलीकडं खुर्चीवर बसलेले बिराजदार सर उठले. आप्पांच्या हातातून होकायंत्र घेतलं. गंगूच्या डाव्या कोपराजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ आणलं. मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मी चाचांकडं. चाचा आभाळाकडं.

"आप्पा," सर म्हणाले, "हे यंत्र दोन दिवस माझ्याकडं राहू द्या."

"का? जागेत काय दोष हाय का?"

"न्हाई. जागा लई जोरदार आहे."

मग खिशातून पेन काढून, टोपण दातात धरून ते माझ्या कानाशी आले.

"कप्तानाला विचारायची पद्धत असते, पोरी. पिशवी कुठंय?"