टाकीची किल्ली

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी देवधरकाका दरवर्षी पाण्याच्या टाकीची किल्ली टेबलावर ठेवतात. "आता दुसरं कुणीतरी बघा," म्हणतात. सगळे आपापल्या चहात बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "काका, तुमच्याशिवाय कोण?" आणि किल्ली पुन्हा त्यांच्या खिशात जाते.

रोमचं प्रजासत्ताक असंच गेलं असावं. पहिल्या सम्राटानेही सत्ता परत करतो म्हटलं होतं. सिनेटनेच त्याला गळ घातली. सभा पुढेही भरत राहिल्या, एवढंच.

काका फार भले आहेत, रोज पहाटे उठून पाणी सोडतात. यंदा थकलेले दिसले. किल्ली माझ्यासमोरच पडली होती. मी ती उचलली आणि अगदी प्रेमाने त्यांच्याच हातात ठेवली.