मागून विचारलेलं ‘कुठं’

मी भूगोल शिकवून पेन्शनीत निघालेला माणूस. ज्याला अक्षांश-रेखांश नाहीत ते मी मानत नाही... भुतंखेतं तर नाहीच नाही. तरी हे लिहितोय, कारण सखाराम गेल्या महिन्यात वारला आणि ही गोष्ट सांगणारा आता मीच उरलोय.

मोठ्या लढाईच्या आधीचा हिवाळा. मी किन्हवलीच्या शाळेत मास्तर होतो. सखाराम माझा आत्येभाऊ, मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी. पक्का अंगठेबहाद्दर. तो रजेवर गावी आला आणि मागोमाग साहेबाचं पत्र आलं. साहेब काश्मिरात गुलमर्गला गेला होता – तिथं गोरे लोक पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरत म्हणे. ‘पंधरा दिवसांत पोच, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो.’ पत्र वाचून दाखवलं मीच.

खरं सांगतो, जळलो. जन्मभर नकाशावर छडी फिरवणारा मी कल्याणच्या पुढे गेलो नव्हतो, आणि ज्याला उत्तर दिशा ठाऊक नाही तो काश्मीरला निघाला!

“दादा, जायाचं कसं? तू शिकलेला, तूच सांग,” तो म्हणाला.

आसनगावहून लाहोरपर्यंत आगगाडीच. पुढे दोन वाटा. एक रावळपिंडीची – तिथून झेलमच्या काठाकाठानं मोटारलॉरी. लांबची, पण हिवाळ्यातही चालू. दुसरी जम्मूची, बनिहालच्या खिंडीतून, जवळची. दोन्हींचा शेवट सारखा, गुलमर्गचा डोंगर तट्टावरून चढायचा. पण हिवाळ्यात बनिहालची खिंड बर्फानं बंद होते, हे मी दरवर्षी मुलांकडून घोकून घ्यायचो.

“जम्मूवरून जा,” मी म्हणालो. “जवळ पडेल.” आणि चिठ्ठीवर तीच नावं लिहून दिली.

तेवढ्यानं पोट भरलं नाही. बैलगाडी हलली तेव्हा मुद्दाम मागून हाक मारली, “कुठं चाललास रे, सख्या?” निघालेल्याला ‘कुठं’ विचारलं की काम फसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आत्या फणकारली, “मास्तर ना तू? आन् ‘कुठं’ इचारतोस?” सखाराम नुसता हसला. वळला नाही.

आठवडाभरानं वर्गात छडी बनिहालवर टेकवली आणि वाटलं, अडकला असेल... बरं झालं. मग एकदम सुचलं – मेला तर? मला एवढंच आठवतं. मुलांनी नंतर सांगितलं की मी अर्धा तास तसाच उभा होतो, मध्येच एकदा “कुठं चाललास रे, सख्या?” म्हणालो आणि सगळा वर्ग हसला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “अवो, टोपी भिजली कशी? पाऊस नाय, दव नाय.” मी म्हटलं, माठाजवळ ठेवली असेल.

चैत्रात सखाराम परतला. नोकरी शाबूत, अंगात साहेबाचा जुना कोट. मी त्या कोटावरही जळलो. आत्याच्या ओटीवर माणसं जमली होती. त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं.

“दादा, तू तिथं आलास कसा?”

“मी? कुठं?”

“जम्मूच्या वाटेवर. खिंड उघडली म्हनून निघालेली लॉरी डोंगरात थांबलेली, च्या पिऊन मी परत चढत व्हतो. तर मागून हाक – ‘कुठं चाललास रे, सख्या?’ तिथं आपली बोली! वळून बघतो तर तू. मला राग आला. ‘कुठं’ इचारलं, आता बसायचं नाय म्हनून उतरलो, तवर लॉरी गेली, न् तू बी दिसेना. ती वर बरफाखाली गाडली, दादा. कोन जित्ता ऱ्हायला नाय. मंग मी उलटा फिरलो न् पिंडीवरनं गेलो. पंधराव्या दिशी पोचलो.”

“मी शाळेत होतो, सख्या. हजेरीपटावर सही आहे माझी.”

“मंग तुझ्या टोपीवर बरफ कसा व्हता?”

‘दादानं वाचवला’ असंच तो शेवटपर्यंत सांगत राहिला, आणि ती वाट मी जाणूनबुजून सांगितली होती हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. या सगळ्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. बर्फ मी आजवर चित्रातच पाहिलाय. पण माझ्यातलाच कोणीतरी तिथवर गेला, बर्फात उभा राहिला आणि मला काही न सांगता परत आला... सखारामाचा हेवा कधीच सरला. त्या दुसऱ्याचा मात्र अजून वाटतो.