सुवार्ता बाकावर बसून राहिली

सुवार्ता गेल्याचं तिच्या मुलानं, आशिषनं, मला दुपारी फोन करून कळवलं. मी नुकताच गॅसवर चहा ठेवला होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला, आणि मग जरा थांबून, "ग्रुपवर तुम्हीच टाका ना." विक्रोळीच्या आमच्या मराठी मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, मी गेली बारा वर्षं चिटणीस आहे. त्यामुळे कुणाकडे बाळ झालं, कोण दवाखान्यात आहे, कोण गेलं, हे सगळ्यांना कळवायचं काम माझं. 'श्रीमती सुवार्ता साळवे आज प्रभूमध्ये निजल्या' असं टाईप केलं आणि बोट तिथेच थांबलं... आम्हा ख्रिस्ती लोकांत माणूस गेलं की निजलं म्हणतात. सुवार्ताला ते कधी पटलं नाही. मयतीहून परत येताना माझ्या कानाशी पुटपुटायची, "निजले काय गं? चारला उठून चहा मागणार आहेत का?" मी तो निरोप तसाच पाठवला, कारण दुसरा शब्द मला सुचेना. तोवर चहा उतू गेला होता. ओटा पुसता पुसता मला रडू फुटलं.

चौतीस वर्षांपूर्वी मी नगरहून लग्न होऊन इथल्या चाळीत आले तेव्हा सुवार्ता समोरच्या खोलीत राहायची. कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर साहेबलोकांशी इंग्रजीत गोड बोलून यायची आणि घरी आल्यावर मराठीत सगळ्यांशी खणखणीत भांडायची. पहिल्याच रविवारी तिनं माझं दार वाजवलं. "तू नवीन ना? चल, आटप, उपासनेला उशीर होतोय. साडी बदलत बसू नकोस, देव काय साडी बघायला बसलेला नाही." मी बदललीच. वाटेत तिनं मला मंडळीतल्या प्रत्येक घराची माहिती दिली, चांगली आणि वाईट, आणि चर्चच्या पायरीवर पाय ठेवताना म्हणाली, "आता हे सगळं विसर. आत गेल्यावर सगळे आपले." अशी ती. त्या दिवसापासून तिसऱ्या बाकावर तिच्या शेजारची जागा माझी झाली.

तिच्या शेजारी बसून गाणं ही एक गंमतच होती. आवाज चांगला, सूर पक्का, पण मध्येच एखाद्या ओळीला ती तोंड घट्ट मिटून घ्यायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा गायला लागायची. मला आधी वाटलं, हिला शब्द येत नाहीत. एकदा विचारलं, तर म्हणाली, "अगं, त्या ओळीत माझं सगळं तुला देतो असं आहे. मी कुठे सगळं देते? मागच्या महिन्यात नवा मिक्सर घेतला, तो देणार आहे का? मग देवासमोर उभं राहून थापा कशाला मारायच्या?" मी हसले. पण त्यानंतर मलाही काही ओळी गाताना अडखळायला व्हायचं, आणि त्याचा मला तिच्यावर थोडा रागच यायचा. सरळ गाऊन मोकळं होण्याचं सुख तिनं माझ्याकडून काढून घेतलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. एकेका बाकावरची माणसं उठून पुढे जातात, कठड्याशी गुडघे टेकतात, पाळकसाहेब भाकरीचा तुकडा देतात आणि मागून द्राक्षरसाचा इवलासा पेला. आपलं कुणाशी वाकडं असेल तर आधी त्याच्याशी समेट करावा आणि मगच तिथे यावं, असं शास्त्रात आहे. आम्ही सगळे ते ऐकतो आणि पुढे जातो. सुवार्ता मात्र ते अक्षरशः करायची. तिचं कायमचं भांडण शेजारच्या परबकाकूंशी, तेही नळावरून. महिनाभर दोघी एकमेकींच्या बादल्या सरकवायच्या, आणि पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी सुवार्ता वाटीभर काहीतरी घेऊन त्यांच्या दारात उभी. परबकाकू मालवणच्या, कट्टर हिंदू, पण आमचं कॅलेंडर त्यांना माझ्यापेक्षा पाठ. "काय गे, उद्या तुमचो पयलो आयतवार मां? म्हणान इलंस," असं म्हणून त्या हसायच्या आणि वाटी घ्यायच्या. सोमवारी नळावर पुन्हा सुरू. मी तिला चिडवायचे की हा तर मासिक पास आहे तुझा. ती म्हणायची, "असू दे गं. महिन्यातून एक दिवस तरी आमचं बरं असतं. तुमचं तेवढंही नसतं."

आता करुणाबद्दल लिहायला हवं. ते टाळलं तर या लेखाला काही अर्थ नाही.

करुणा आमच्याच मंडळीत वाढलेली. लहानपणी माझ्या रविवारच्या शाळेत होती, पुढे गायनाला पेटी वाजवायला लागली. तीन वर्षांपूर्वी तिनं ऑफिसमधल्या एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा साधा, चांगला. पण चर्चबाहेर, परधर्मीयाशी लग्न केलं की आमच्याकडे त्या माणसाला शिस्तीखाली ठेवतात. त्यानं उपासनेला यायचं, बसायचं, पण प्रभुभोजन घ्यायचं नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची बैठक झाली. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. सुवार्ता तेव्हा कमिटीवर होती. तिनं हात मांडीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

बैठकीनंतर आम्ही दोघी चालत घरी निघालो. कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "रंजू, करुणाला ते शिस्तीचं पत्र तू लिहू नकोस."

"मी चिटणीस आहे गं. मी नाही तर कोण लिहिणार?"

"कुणीतरी लिहील. तू नको."

"नियम आहे तो. मी केलेला नाही."

"मला माहितीय. म्हणूनच म्हणतेय. तुला पटलंय का ते?"

मी मेथीची जुडी निवडत राहिले. मला पटलेलं नव्हतं. हे आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे. करुणानं काही पाप केलंय असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. पण चिटणीस असणं मला आवडत होतं. पाळकसाहेब माझ्याशी विचारविनिमय करतात, माझ्या सहीशिवाय कागद हलत नाही, हे सगळं आवडत होतं, आणि एका मुलीपायी कमिटीशी वाकडं घ्यायची माझी हिंमत नव्हती. मी पत्र लिहिलं. अगदी सुरेख भाषेत लिहिलं, शेवटी 'प्रभूच्या प्रेमात' असंही लिहिलं, आणि खाली सही केली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या बाकाची पाळी आली. करुणा तिसऱ्याच बाकावर, अगदी भिंतीकडच्या टोकाला बसली होती. सगळे उठले. सुवार्ता उठली नाही. मला वाटलं, गुडघा धरला असेल, म्हणून मी हात पुढे केला. तिनं मान हलवली आणि सरकत सरकत जाऊन करुणाशेजारी बसली. घरी आल्यावर मी चिडून विचारलं की हा काय तमाशा, तर शांतपणे म्हणाली, "पंगतीतून एकीला उठवायचं आणि तिच्यादेखत आपण जेवायचं... मला नाही जमत गं. तुम्ही जेवा. मी कुठे तुम्हाला अडवलंय?" लोक महिना-दोन महिने कुजबुजले. मग सवय झाली. दोन वर्षं आणि वर काही महिने, दर पहिल्या रविवारी, मी तिच्या गुडघ्यांना पदर घासत पुढे जात राहिले आणि भाकर घेऊन परत येत राहिले.

आमचं बोलणं बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं तर ती वाटी घेऊन माझ्या दारात आली असती. पण तिचं माझ्याशी वाकडं नव्हतंच. ती रोज यायची, बोंबलाचा भाव सांगायची, आशिषच्या बायकोबद्दल कुरकुरायची, माझ्या हातचा चहा गोड झाला म्हणून नाक मुरडायची. करुणाचा विषय तिनं पुन्हा एकदाही काढला नाही. ती वाट बघत होती, आणि हे मला कळत होतं.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. घाटकोपरच्या दवाखान्यात तीन आठवडे होती. पाळकसाहेब तिला प्रभुभोजन द्यायला आले, मी सोबत होते. तरुण माणूस, मनानं फार चांगला. त्यांनी पिशवीतून तो छोटा डबा काढला, पांढरा रुमाल पसरला. सुवार्ता म्हणाली, "साहेब, करुणा बाहेर बाकावर बसलीय. तिला आत बोलावता का? दोघींना एकदमच द्या." पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते म्हणू शकत होते, चला, बोलवा. मीही म्हणू शकत होते. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले... थेंब पडत होते. सुवार्तानंच आमची सुटका केली. "राहू द्या साहेब. इतके दिवस थांबले, अजून थांबते."

पाळकसाहेब प्रार्थना करून गेल्यावर तिनं माझा हात धरला. "तुझा राग नाही हं मला," म्हणाली. "उगाच तोंड पाडून बसू नकोस. मोसंबी सोल." मी सोलली. दोन फोडी खाल्ल्या तिनं. मला तेव्हाच काहीतरी म्हणायचं होतं, पण म्हटलं, घरी येऊ दे, आरामात बोलू. ती घरी आली नाही.

तिला जाऊन आता दोन महिने होतील. मधल्या पहिल्या रविवारी मी मनाशी ठरवून गेले. आमच्या बाकाची पाळी आली, सगळे उठले, आणि मी उठले नाही. सरकत जाऊन करुणाशेजारी, सुवार्ताच्या जागेवर बसले. खरं सांगायचं तर थोडं बरं वाटत होतं. वाटलं, सुवार्ता बघत असेल. करुणानं समोर बघत, अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही का बसलात?"

"तुझ्यासाठी."

ती तशीच समोर बघत म्हणाली, "सुवार्तामावशीच्या हातात फक्त बसणं होतं, म्हणून ती बसली. तुमच्या हातात फक्त तेवढंच नाहीये, काकू. तुम्ही पत्र लिहिलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. मी पुढे गेले नाही, आणि उपासना संपेपर्यंत मला मानही वर करता आली नाही.

त्या आठवड्यात मी कमिटीला पत्र लिहिलं. करुणावरची शिस्त उठवावी, आणि तीन वर्षांपूर्वी मी मला न पटलेल्या पत्राखाली सही केली, त्याबद्दल मंडळीसमोर तिची क्षमा मागायची मला परवानगी द्यावी, असं लिहिलं. येत्या रविवारी बैठक आहे. तिघंजण माझ्याशी बोलत नाहीत. एकानं निरोप पाठवलाय की असंच असेल तर चिटणीसपद सोडा. सोडेन. काय ठरेल ते मला माहीत नाही, आणि ठरलं तरी सुवार्ता त्या कठड्याशी करुणाच्या शेजारी गुडघे टेकायला नसणार, हे काही केल्या मनातून जात नाही.

पत्र पुरं झालं आणि माझा हात आपोआप फोनकडे गेला. बारा वर्षं मी लिहिलेला प्रत्येक कागद, वार्षिक अहवाल असो की सहलीची नोटीस, आधी सुवार्ताला फोनवर वाचून दाखवायचे. समोरच्या खोलीतच राहायची, तरी फोनवर. ती ऑपरेटरच्या आवाजात म्हणायची, "हं, बोला," आणि मग मध्ये मध्ये, "हे काढ. हे खोटं आहे. हे तुला शोभत नाही." या बारा वर्षांत एकच पत्र मी तिला वाचून दाखवलं नव्हतं, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. या पत्राला ती काय म्हणेल, तेही मला ठाऊक आहे. पण ते मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे.